केडगावला उतरा, पदर खोचा

पायातल्या चपला काढून ठेवा. घड्याळ, फोन, चष्म्याचा डबा, सगळं इथेच राहू द्या. आणि तुम्ही पुरुष असाल तर आजच्या दिवसापुरतं, मनानं का होईना, लुगडं नेसा. आपण निघालोय तिथे बैल हाकणं आणि दगड घडवणं सोडलं तर जवळपास सगळा कारभार बायकांचा आहे.

पुण्याहून पूर्वेकडे जाणारी गाडी धरा. तिसरा वर्ग. साल 1900, वैशाख. लाकडी बाकाला टेकलात तर घामानं पाठ चिकटते आणि खिडकीतून डोकं काढलंत तर इंजिनाच्या कोळशाची कणी डोळ्यात जाते. लोणी गेलं, उरुळी गेलं, यवत गेलं. बाहेर रान नुसतं भाजून निघालंय. काळ्या मातीला पाऊल जाईल एवढ्या भेगा. झाडांचा पाला माणसाचा हात पोचेल तिथवर ओरबाडून नेलेला. गुरांच्या तोंडात घालायला दुसरं काही उरलं नव्हतं. पुढे पुढे गुरंही दिसेनाशी होतात.

आता डब्यात बघा. समोरच्या बाकावर आणि बाकाखाली मिळून पोरींचा एक घोळका आहे. डोकी मोठी, माना काटकुळ्या, गुडघे मांड्यांपेक्षा जाड. अंगावर चिंध्या. आंबूस वास येतोय, तापाचा, न धुतलेल्या जखमांचा. नाक दाबू नका, त्यांना कळतं. त्यांच्याबरोबर पांढऱ्या लुगड्यातली एक तरुण बाई आहे. ती यांना गुजरातेतून घेऊन आलीय. तिला गुजराती येत नाही, पोरींना मराठी येत नाही. दोन्हीकडून हातवाऱ्यांवर काम चाललंय. पोरींच्या तोंडी या दुष्काळाचं नाव छप्पनियो.

तुमच्या पायाशी बसलेल्या सात-आठ वर्षांच्या पोरीची उजवी मूठ बघा. बसल्यापासून उघडलेली नाही. झोपेतसुद्धा नाही. आत काय आहे ते विचारू नका.

केडगाव. उतरा.

फलाटाची खडी तळव्यांना चटके देते. चालत नाही अशा पोरींना बैलगाडीत घालायचंय आणि गाडीत मावल्या नाहीत त्यांना कडेवर. तुमच्या वाट्याला ती मूठवाली आलीय. उचला. दचकलात? सात-आठ वर्षांचं मूल इतकं हलकं लागेल असं वाटलं नव्हतं ना? तिची बरगडी तुमच्या बरगडीला टोचते, आणि तिच्या डोक्यातून काहीतरी तुमच्या मानेवर चालत येतं. येऊ द्या. आज रात्री सगळ्यांचीच डोकी बघायची आहेत.

वाटेवर धुळीचा लोट आहे, पण ऐका. लांबून आवाज यायला लागलेत. छिन्नीवर हातोडा पडतोय. ख्रिस्ती देवळाचा पाया गेल्या वर्षी घातला, तिथे दगड घडवणं चालू आहे. मोटेचं चाक करकरतंय. त्याच्या मागून हातमागांचा ठकठकाट, आणि या सगळ्यावर पोरींचा कलकलाट, शेकडो पोरींचा. दुष्काळात गावंच्या गावं मुकी झालेली तुम्ही खिडकीतून पाहिलीत. इथे मात्र कान किटतात. मुक्ती सदन ते हेच.

आत पाऊल टाकलंत की तुम्हाला कोणी विचारणार नाही की तुम्ही कुठून आलात, काय शिकलात, तुमचा धर्म कोणता. एक पोरगी येईल, तुमच्या हातात कात्री देईल आणि म्हणेल, "तिकडे, लिंबाखाली."

लिंबाखाली हांडे चढलेत. कडुलिंबाचा पाला उकळतोय, त्याचा कडू वाफारा घशात बसतो. नव्या पोरींची चिंधुकं काढून जाळायची, केस मुळापासून कापायचे, अंग चोळून धुवायचं, खरजेला तेल लावायचं. वाचताना सोपं वाटतं. पहिल्या पोरीच्या डोक्याला हात लावा. केस नाहीतच, जटांचं एक घट्ट टोपण आहे, आणि खाली कातडीला जखमा. कात्री चुकली तर रक्त येतं. पोर किंचाळते, चावते. तिला वाटतं तुम्ही तिला मारताय. गेले काही महिने जो जो माणूस तिच्या जवळ आला त्यानं एकतर हाकललं, नाहीतर विकायला नेलं. तुम्ही वेगळ्या आहात हे तिला कळायचं कसं? तुमच्या मनगटावर दात उमटलेत. पुढचं डोकं घ्या.

शेजारच्या पाटावर बसून तेच काम करणारी मुलगी बघा. असेल सोळा-सतरा वर्षांची. हात किती सफाईनं चालतोय! ती गाणं म्हणतेय आणि दातांच्या कक्षेतून मनगट बरोबर वेळेवर मागे घेतेय. तिला कोणी शिकवलं? तीन वर्षांपूर्वी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा अशाच जवळपास तीनशे पोरी सदन चालवणाऱ्या बाईंनी आणल्या. त्यांतलीच ही. हिचेही केस असेच कापले होते आणि हीही अशीच चावली होती. सदनाची ही रीत मला फार मोलाची वाटते. इथे कोणी नुसतं घेणारं राहत नाही. पोटात चार महिने अन्न टिकलं, पायात बळ आलं की मागून आलेलीचं डोकं तुमच्या मांडीवर येतं. उपकाराचं ओझं पाठीवर बसायच्या आतच ते हातातून पुढे जातं.

न्हाणं उरकलं. आता जेवण, आणि आजचं सगळ्यांत अवघड काम.

चुलाणावर तांदळाची पेज रटरटतेय. मीठ घातलेली, पातळ, जवळजवळ पाणीच. पळी तुमच्या हातात. प्रत्येकीला एक वाटी. अर्ध्या तासानं आणखी थोडी. मध्ये काही नाही. पलीकडे जुन्या पोरींसाठी ज्वारीच्या भाकरी थापल्या जातायत. भाजक्या पिठाचा वास सगळीकडे पसरलाय, आणि नव्या पोरी त्या वासाकडे बघतायत. हो, बघतायत. वास दिसावा तसे डोळे लावून.

तुमची मूठवाली वाटी चाटून पुसून परत आली. डावा हात पुढे करून उभी आहे. तुमच्या मागच्या टोपलीत शंभर भाकरी आहेत. द्या ना एक?

नाही द्यायची. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या पोटात भाकरी गेली तर पोर रात्रीत दगावू शकते. दुष्काळी कामावर हात फिरलेल्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. तुम्हाला ओंजळ भरून देण्याची, तिच्या तोंडावर हसू बघण्याची घाई झालीय. ते हसू कोणाला हवंय, तिला की तुम्हाला? पळी घट्ट धरा. मान हलवा. ती तुम्हाला शिवी देईल, भाषा कळली नाही तरी शिवी कळते. ती ऐकून घ्या आणि अर्ध्या तासानं पुन्हा पातळ पेज वाढा. मोठमोठ्या त्यागांच्या गोष्टी आपण ऐकतो. आपण जिच्यासाठी राबतोय तिच्याच डोळ्यांत दुष्ट ठरून तिचं भलं करत राहणं, ही गोष्ट त्यांत क्वचित सांगितलेली असते.

बाजूला व्हा, बाई येतायत.

ठेंगणीशी बाई, साधं पांढरं लुगडं, केस बारीक कापलेले, डोळे घारे. नव्या पोरींच्या ओळीतून जाते, एकेकीची पापणी ओढून बघते, जीभ बघते, खरजेवरून बोट फिरवते. बोलायचं तर मोठ्यानं बोला, त्यांना कमी ऐकू येतं. या पंडिता रमाबाई. कलकत्त्याच्या विद्वानांनी यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या तेव्हा यांचं वय वीस. हजारो श्लोक पाठ. इंग्लंड, अमेरिका पाहिलेल्या. या बाईंनी कुठेही खुर्ची मागितली असती तर मिळाली असती. त्या आत्ता तुमच्या शेजारी उकिडव्या बसून एका पोरीच्या कानामागची जखम धुतायत.

हे कुठून येतं असं तुम्हाला वाटेल. जरा त्यांच्या मागे मागे चला, मी सांगते.

दुष्काळ यांनी पुस्तकात वाचलेला नाही. सोळा वर्षांच्या असताना आई, वडील आणि बहीण एकामागून एक उपासमारीत गेली. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघं कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथी ही. उंची कमी पडली म्हणून हिनं तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. मग भाऊ-बहीण पुराणं सांगत देशभर पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत आडवी झाली आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली. ऊब हवी होती, ती वाळूनं दिली. आता त्या पोरीची पापणी ओढून बघणाऱ्या बोटांकडे पुन्हा बघा. ती बोटं काय शोधतायत ते त्यांना पक्कं माहीत आहे.

आणि दुसरी गोष्ट लंडनमधली. तिथे फुलहॅमला काही ख्रिस्ती भगिनी, समाजानं वाईट म्हणून टाकलेल्या बायकांना जवळ करत, त्यांची सेवा करत. रमाबाई चक्रावल्या. अशा बायकांना शास्त्रांनी आणि समाजानं काय ठेवलंय ते त्यांनी आयुष्यभर पाठ केलं होतं. या परक्या बायांना त्यांच्याविषयी एवढी माया येते कुठून? त्यांनी सरळ विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीनं त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी माणसासारखं बोलणारा येशू. रमाबाईंच्या श्रद्धेचं मूळ तिथे आहे. त्यांनी ख्रिस्त आधी कोणाच्या तरी राबणाऱ्या हातांत पाहिला. म्हणून इथे कृपा सदन आहे, वाट चुकलेल्या, फसवलेल्या बायकांसाठी. म्हणून उपासना आणि उवांची फणी यांच्यामध्ये या आवारात भिंत दिसत नाही.

तुमच्या मनात आणखी प्रश्न असतील. धर्मांतराचे, पुण्यातल्या वादांचे. ते खरे आहेत, त्यांवर पुष्कळ लिहून झालंय आणि होईल. पण पेज उतू चाललीय, आधी लाकूड मागे ओढा.

दुपार. सावलीतसुद्धा झळा मारतायत. तुम्हाला वाटलं आता पडता येईल? जात्यापाशी बसा. दोघी समोरासमोर, एका खुंट्यावर दोन हात. पहिल्या पायलीला खांदे भरून येतात, दुसरीला तळहाताला फोड येतो. समोरची कामकरीण तुम्हाला सदनाची हकीकत सांगते. आधी शारदा सदन मुंबईला होतं, 1889 पासून, मग पुण्याला आलं. केडगावची जमीन घेतली ती फळबाग लावायला, उत्पन्न यावं म्हणून. पुण्यात प्लेग आला, दुष्काळातल्या पोरींना शहरात ठेवायला सरकारनं बंदी केली, तेव्हा सगळ्या पोरींना घेऊन बाई या माळावर आल्या. राहुट्या टाकल्या, झापं बांधली. पाऊस, चिखल, विंचू, सगळं बघितलं. आता विहिरी आहेत, पक्क्या खोल्या उठतायत. आणि माणसं? गुजरातच्या पोरी येतच आहेत. आकडा दोन हजारांच्या घरात चाललाय.

दोन हजार तोंडं! तुम्ही जात्याचा खुंटा धरून मनातल्या मनात ज्वारीचा हिशेब करता आणि घाबरता. पैसा येतो तो बहुतेक परदेशातल्या लोकांच्या देणग्यांतून, कधी येईल, किती येईल याचा नेम नाही. बाईंनी जॉर्ज मुलरचं चरित्र वाचलंय, त्या इंग्लंडात नुसत्या प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवणाऱ्याचं. त्याच वाटेनं त्या निघाल्यात. पण देवावर भार टाकला म्हणजे हात मांडीवर ठेवायचे, असं इथे कोणी समजत नाही. रोज दळायचं, विणायचं, शेण काढायचं, तेल गाळायचं, धुवायचं, शिकायचं आणि शिकवायचं. तुमच्या घामाचा थेंब पिठात पडला. चालेल, पदरानं पुसा आणि ओढा.

संध्याकाळी घंटा होते. झापाखाली सगळ्या जमतात. जमिनीवर दाटीवाटीनं, गुडघ्याला गुडघा. घाम, खोबरेल, कडुलिंब आणि पेटवलेल्या कंदिलांचं रॉकेल, असा मिळून एक वास. भजन सुरू होतं. सूर एकाच पट्टीत आहेत असं म्हणवत नाही, पण छाती दणाणते. प्रार्थनेत काय मागतात ते कान देऊन ऐका. आजारी पडलेल्या अमकीसाठी. गुजरातेत गेलेल्या बायांसाठी. विहिरीच्या पाण्यासाठी. नव्या आलेल्यांपैकी जिला ताप भरलाय तिच्यासाठी. तुमच्या शेजारची मुलगी आज दिवसभर राबलीय, तिच्या टाचेला भेगा पडून रक्त आलंय, तिच्या ओठांवर त्या टाचेचं नाव नाही.

मग झोप. अंथरूण म्हणजे घोंगडी. तुमच्या एका बाजूला मूठवाली. रात्री केव्हातरी ती कण्हते, आणि पाठोपाठ तुमची घोंगडी ओली होते. पोट सुटलंय. उठा. अंधारात चाचपडत हंडा शोधा, तिला धुवा, राख टाका, कोरडं फडकं गुंडाळा, पुन्हा निजवा. तुम्ही आडव्या होताय तोच परत तेच. परत उठा. तिसऱ्या खेपेला चिडचिड होते, आणि ते कबूल करण्यात काही पाप नाही. सोळा वर्षांची ती कात्रीवाली न बोलवता येते, तुमच्या हातातून फडकं घेते आणि म्हणते, "पडा तुम्ही." पडू नका. दोघी मिळून लवकर होईल.

सकाळी मूठ उघडलेली असते. तळहातावर चार हरभरे, घामानं फुगलेले, एकाला मोड आलेला. तिनं ते कुठल्या ठाण्यावरून, किती दिवस, कोणासाठी जपले होते? ती त्यांतला एक उचलते आणि शेजारच्या पोरीच्या तोंडात घालते. अहो, नको, तिला अजून पेजच द्यायचीय! पळा, काढा तो तिच्या तोंडातून.

आता माझा हात धरा. मोठी उडी मारायचीय, बावीस वर्षांची.

त्याच आवारात आहात, पण दगडी भिंतींच्या आत. वास बदललाय: छापायची शाई, शिसं, ओला कागद. खटाखट, खटाखट. हा मुक्तीचा छापखाना. उंच तिरक्या पेट्यांसमोर बायका उभ्या आहेत आणि एकेक खिळा उचलून ओळी जुळवतायत. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, रफार. इंग्रजीला लागतात त्याच्या कितीतरी पट घरं या पेट्यांना आहेत. बोटांनी बघता आल्याशिवाय हे काम होत नाही. एक खिळा उचला. बघा, अक्षर उलटं आहे. आणि ही बाई उलट्या अक्षरांची ओळ तुमच्या वाचण्याच्या वेगानं लावतेय. तिच्या बोलण्यात किंचित गुजराती हेल येतो, आणि उजव्या हाताची मूठ ती अधूनमधून उगाच मिटते. मी काही सांगत नाही, तुम्हीच ओळखा.

काय छापतायत? मराठी बायबल. रमाबाई पन्नाशीच्या आसपास इब्रानी आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कोणाला न विचारता समजेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र लिहून काढायला बसल्या. संस्कृतात हुकमत गाजवलेल्या बाईनं संस्कृत शब्द एकेक करून बाजूला ठेवले. शिकलेल्या माणसासाठी याहून कठीण उपास मला माहीत नाही. आपली विद्या दिसू न देणं, ती दुसऱ्याच्या उपयोगी पडेल एवढीच उरू देणं.

पलीकडच्या खोलीत त्या मुद्रितं तपासतायत. आत जा, पण अडथळा करू नका. हात थकलाय, श्वासाला त्रास होतो. गेल्या वर्षी, 1921 मध्ये, मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, जिनं ब्रेल शिकून इथल्या आंधळ्या मुलींच्या बोटांना वाचायला लावलं, शाळा चालवली, आईचा उजवा हात झाली. तिच्या जाण्यानंतरही मुद्रितांचे गठ्ठे रोज येतात, आणि रोज तपासून परत जातात. शाईचा डाग, सुटलेला अनुस्वार, उलटा पडलेला खिळा. एकेक पान.

5 एप्रिल 1922 ला बाई गेल्या. शेवटची मुद्रितं तोवर तपासून झाली होती. संपूर्ण बायबल बाहेर पडायला 1924 उजाडलं. मधली दोन वर्षं यंत्रं थांबली नाहीत. या बायका रोज पदर खोचून पेट्यांसमोर उभ्या राहिल्या.

तुमच्या बोटांना शाई लागलीय. अहो, लुगड्याला नका पुसू, निघत नाही. खिडकीपाशी रॉकेलचा बोळा आहे. आणि पुण्याची गाडी यायला अजून वेळ आहे, तेव्हा इकडे या. या तावांना घड्या घालायच्या आहेत. असा धरा, काठाला काठ, मग हाडानं दाबून ओढा. नाही, एवढा जोर नको, कागद फाटतो. हां, असं. आता पुढचा.